मन्मथअप्पांचं थंड विरजण

रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास आमच्या दाराची कडी वाजली की बायको म्हणते, "जा, तुमची परीक्षा आली." दारात मन्मथअप्पा उभे असतात. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात इष्टलिंग, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा आणि हातात बशीनं झाकलेलं स्टीलचं फुलपात्र. फुलपात्रात बीअर असते. ती त्यांनी स्वतः केलेली असते आणि तिचा थेंबही त्यांनी आजवर जिभेला लावलेला नाही.

"चाखा, सर," ते म्हणतात, "अन् भीड न ठेवता सांगा."

मग मी पोह्यांवर बीअर पितो. अप्पा समोरच्या खुर्चीत बसून माझ्या घशाकडे टक लावून बघतात. मी गिळलं की तेही गिळतात. ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या माणसावर ही वेळ यावी, असं मी काही केलेलं नाही. माझी निवड कशी झाली हे मी एकदा विचारलं, तेव्हा ते आमच्या फाटकात, बायकोच्या देखत म्हणाले, "तुम्ही घेता म्हणून." मी वर्षातून एकदा, स्टाफच्या निरोप समारंभानंतर ढाब्यावर घेतो आणि बडीशेप खाऊन घरी येतो. बायकोला ते ठाऊक नव्हतं. अप्पांना भिंतीपलीकडून वास आला होता.

वास हा अप्पांचा धर्म. लातुरात एका डेअरीच्या प्रयोगशाळेत त्यांनी सदतीस वर्षं दूध, दही आणि लोणी हुंगण्यात काढली. लग्नाच्या पंगतीत ताकाचा पेला नाकाशी नेऊन ते विरजण काल किती वाजता लावलं ते सांगतात आणि आचारी कान पकडतो. दुधाची घनता मोजायचा लॅक्टोमीटर निवृत्तीनंतरही त्यांच्या खिशात असतो. आमच्या गल्लीत दूधवाला सगळ्यांना अर्धा तास उशिरा घालतो, अप्पांना वेळेवर घालतो आणि वर नमस्कार करतो.

अशा माणसानं बीअर का करावी, याचं कारण त्यांचा मुलगा बसवराज. तो नोकरीसाठी झेक देशात गेला आणि तिथल्या लेंका नावाच्या मुलीशी त्याचं जमलं. तिचे वडील यारोस्लाव जन्मभर बीअरच्या कारखान्यात कामाला होते. सहा वर्षांपूर्वी लग्नाचं कार्ड आलं. त्यात लिहिलं होतं की लग्न लागल्यावर मुलीचे वडील स्वतः केलेली बीअर सगळ्यांना अंगणात पाजतील. अप्पांनी कार्ड दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "दारू वाटणाऱ्या मांडवात माझं काय काम हाय?" पासपोर्ट काढून झाला होता, तरी गेले नाहीत. स्वतः गेले नाहीत म्हणून त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, याही गेल्या नाहीत.

तेव्हापासून बसवराजचा फोन यायचा तो आईला. काकूंनी बळेच फोन हातात दिला तर अप्पा विचारायचे, "हवा कशी हाय तिकडं?" बसवराज सांगायचा, थंडी आहे. अप्पा म्हणायचे, "बरं," आणि फोन परत. सहा वर्षं बापलेकांनी हवेशिवाय दुसरा विषय काढला नाही.

मग एका मार्चमध्ये बसवराजनं आईला सांगितलं की पुढच्या फेब्रुवारीत आम्ही येतोय, आणि लेंकाचे वडीलही येणार आहेत. तिसऱ्या दिवशी अप्पा माझ्याकडे आले आणि दार लावून घेऊन विचारलं, "सर, बीअर कशी करतात?"

मुलाच्या सासऱ्याला आमच्याकडे इवाई म्हणतात. इवाई पहिल्यांदा दारात येणार, त्याला त्याच्या आवडीचं द्यायचं, एवढंच अप्पांच्या डोक्यात होतं. मी सांगितलं की दुकानातून चार बाटल्या आणू. पाहुण्यासमोर पिशवीतलं पातळ दूध ठेवा असं सुचवल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. लग्नात त्यानं आपल्या हातची दिली असती, मग मी विकतची कशी देऊ, असं त्यांचं म्हणणं. घरी बीअर करायला कायद्याची हरकत आहे का, हे विचारायला ते एका वकील मित्राकडेही गेले. वकिलानं सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "अप्पा, तुम्ही आज माझ्याकडे आलाच नव्हता."

इवायाच्या गावची बीअर म्हणजे पिल्सनर. सोनेरी, स्वच्छ, थोडी कडू. तिला मोड आणून वाळवलेलं जव लागतं, कडू वासाची फुलं लागतात आणि मऊ पाणी लागतं. लातूरच्या बोअरच्या पाण्यानं बादलीवर पांढरा थर चढतो, म्हणून जारवाल्याकडून वीस लिटरचे जार येऊ लागले. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या गल्लीत हा माणूस जारचं पाणी तासन्‌तास उकळतोय हे बघून शेजारणी काकूंकडे चौकशी करू लागल्या. काकूंनी सांगून टाकलं की काढा आहे. तो काढा पहिल्यांदा निवला, तेव्हा अप्पांनी त्यात लॅक्टोमीटर सोडला. तो सगळ्या आकड्यांच्या वर तरंगत राहिला. "दूध असतं तर गवळ्याला बक्षीस दिलं असतं," अप्पा म्हणाले. उरलेला जवाचा चोथा कोपऱ्यावरच्या म्हशीला गेला आणि म्हैस त्या दिवसापासून अप्पांना ओळखू लागली.

खरी अडचण होती यीस्टची. अप्पा त्याला विरजण म्हणतात आणि तिथंच त्यांचा घात झाला. जन्मभर विरजण उबेत ठेवलेला माणूस. त्यांनी काढा कॅनमध्ये भरला, यीस्ट घातलं, कॅनला जुनी गोधडी गुंडाळली आणि स्वयंपाकघरात ओट्याशेजारी ठेवला. बाहेर एप्रिलचं लातूर. दोन दिवसांत कॅन गुरगुरू लागला. अप्पांचा चेहरा नातू झाल्यासारखा. रविवारी मी चाखलं, तर पिकल्या केळ्याचा वास आणि मागून नेलपॉलिश काढायच्या औषधाचा. तसं सांगितल्यावर अप्पांनी वही काढून ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि मी दुपारपर्यंत डोकं धरून पडलो.

मग त्यांनी वाचलं की ह्या बीअरचं यीस्ट थंडीत काम करतं. दहा अंशांवर. अप्पांना हे पटायलाच आठवडा लागला. "थंडीत कोण काम करतं, सर? खामखा कायतरी लिहितात." तरी आइस्क्रीमच्या दुकानातला जुना डीप फ्रीज घरी आला. लाइट गेली की ते रसवंतीवरून बर्फाची लादी सायकलवर घालून आणत आणि कॅनभोवती रचत. काकू म्हणायच्या, "माझं इडलीचं पीठ उन्हात अन् ह्यांचं विरजण काश्मिरात."

यीस्ट कुठलं घ्यायचं, यावर तर त्यांनी मुलीसाठी स्थळ बघावं तशी चौकशी केली. किती खातं, थंडी किती सोसतं, काम झाल्यावर तळाला गपगुमान बसतं की उगाच तरंगत राहतं. जर्मन यीस्ट मिळायला सोपं आणि कामाला वाघ होतं, पण ते सगळी साखर खाऊन बीअर कोरडी करतं. "लई खादाड हाय," अप्पांनी निकाल दिला, "मागच्यांसाठी कायबी ठेवत न्हाई." झेक यीस्ट थोडा गोडवा मागं ठेवतं. इवाई तिकडचे, तर विरजणही तिकडचंच पाहिजे, असं ठरलं. पण ते पातळ असतं, थंडीतच जगतं. मे महिन्यात कुरिअरनं मागवलेलं पाकीट पुरीसारखं फुगून आलं. अप्पांनी ते उघडून हुंगलं आणि अंगणात खड्डा करून पुरलं.

म्हणून पावसाळ्यात जर्मनावरच हात बसवला. श्रावणातल्या एका रविवारी मी घोट घेतला आणि म्हणालो, "अप्पा, लोण्याचा वास येतोय." अप्पा खुर्चीतून उठले. "लोणी? ताजं लोणी?" मी हो म्हटलं. त्यांनी माझ्या बायकोला हाक मारून ही बातमी दिली आणि घरी जाऊन काकूंना शिरा करायला लावला. संध्याकाळी त्यांनी पुस्तकात पाहिलं, तर बीअरला लोण्याचा वास येणं हा दोष निघाला. त्या रात्री ते जेवले नाहीत. सदतीस वर्षं ज्या वासासाठी पगार घेतला, तो दोष कसा, हे त्यांना कळेना. उपाय सोपा होता. शेवटचे दोन दिवस कॅन थोडा उबेत ठेवला की यीस्ट आपलं लोणी आपणच खाऊन टाकतं. अप्पांनी तो उपाय मान्य केला, पण मनापासून नाही.

नोव्हेंबरात हैदराबादच्या एका हौशी तरुणाकडे झेक यीस्ट आल्याचं कळलं. अप्पा रेल्वेनं गेले आणि लसी नेतात तो बर्फाचा डबा मांडीवर घेऊन परत आले. गाडीत समोरच्या बाईनं आदरानं विचारलं, "पोलिओचं हाय का?" अप्पांनी होकारार्थी मान हलवली. साठ वर्षांत आपण पहिल्यांदा खोटं बोललो, असं ते मला फार गंभीरपणे सांगत होते. बीअर डिसेंबरात लागली आणि पुढं सहा आठवडे फ्रीजमध्ये जवळजवळ गोठणबिंदूवर पडून राहिली. मला रोज वाटायचं एकदा चाखावी. अप्पा म्हणायचे, "सबर, सर, सबर. पाहुण्याच्या आधी आपण तोंड लावायचं न्हाई." त्यामुळे ती खेप चांगली झाली की वाया गेली, हे पाहुणे येईपर्यंत कुणालाच ठाऊक नव्हतं.

फेब्रुवारीत मंडळी आली. यारोस्लाव उंच, लालबुंद, पांढऱ्या मिशांचे. अप्पा त्यांना पहिल्या दिवसापासून यारोस्लावअप्पा म्हणू लागले. संध्याकाळी अंगणात खुर्च्या मांडल्या. लेंका आत काकूंजवळ पुरणपोळी लाटायला बसली होती. अप्पांनी मुद्दाम आणलेल्या काचेच्या ग्लासात बीअर ओतली. वर चार बोटं फेस. ग्लास त्यांनी दोन्ही हातांनी पुढं केला.

यारोस्लाव प्यायले. ग्लास उजेडात धरून बघितला, पुन्हा प्यायले आणि लांबलचक काहीतरी बोलले. बसवराजनं सांगितलं की ही आपल्या गावाकडच्यासारखी झालीय, असं म्हणतायत. आणि थोडा लोण्याचा वास आहे, तो त्यांच्याकडे चालतो, त्यांना आवडतो. अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू तो दोष ठरवणारं पुस्तक मीच लिहिलं होतं.

दुसरा ग्लास भरल्यावर यारोस्लावनी बाटलीकडे आणि मग अप्पांकडे बोट केलं. बसवराज खाली मान घालून म्हणाला, "विचारतायत, तुम्ही का घेत नाही."

अप्पा उभे राहिले. सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

"सांग त्यांना, मी पीत न्हाई. चव कशी हाय, मला ठावं न्हाई. ही त्यांच्यासाठी केली. त्यांनी मला लग्नाला बोलावलं, अन् मी गेलो न्हाई. पोराच्या डोक्यावर अक्षता टाकायला बाप न्हवता. लेक परक्या मुलखात एकटा उभा राहिला. माझं चुकलं. सहा वर्षं झाली, सांगायचं म्हणून राहिलो, पर तोंड उघडत न्हवतं. हे समदं सांग त्यांना."

बसवराजनं सासऱ्यांना झेकमध्ये एक छोटंसं वाक्य सांगितलं. यारोस्लाव उठले आणि त्यांनी अप्पांचा हात दोन्ही हातांत घेतला. अप्पा त्यांच्या खांद्याएवढेच होते.

मला झेक येत नाही, पण एवढ्या लांब बोलण्याचं एवढं छोटं भाषांतर होत नाही, इतकं कळतं. निघताना बसवराज मला फाटकापर्यंत सोडायला आला, तेव्हा मी विचारलं, तू नक्की काय सांगितलंस.

"बाबा पीत नाहीत, ही त्यांनी फक्त तुमच्यासाठी केलीय, एवढंच."

"आणि बाकीचं?"

त्यानं फाटकाची कडी दोनदा लावली आणि दोनदा काढली. डोळे पुसले नाहीत, तसेच राहू दिले.

"बाकीचं माझं होतं, सर," तो म्हणाला. "ते मी कुणाला दिलं नाही."