पहिल्या डावात वाघिणी, दुसऱ्या डावात शेळ्या

स्वतःची ओळख करून देताना वामनराव खुर्चीवरून उठत. "पूर्व विदर्भातला एकमेव शास्त्रशुद्ध गुप्तहेर! चपलेवरून माणूस ओळखतो!" आजवर चपलेवरून त्यांनी फक्त स्वतःला ओळखलं होतं, आणि त्यातही लग्नाच्या मांडवाबाहेर दोनदा चुकले होते. एरवी ते ऊर्जानगरच्या वीजकेंद्रात हजेरीबाबू. तिथलाच फिटर श्रीहरी त्यांचा मदतनीस, म्हणजे सायकल तो चालवी आणि वामनराव कॅरिअरवर बसून विचार करत.

हे प्रकरण मात्र श्रीहरीच्या घरचंच होतं. त्याची बहीण रुखमा कॉलनीच्या महिला कबड्डी संघाची कप्तान. आरमोरीला, धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत स्पर्धा भरली होती. कॉफीनं खेळाडूच्या अंगात बळ येतं, असं प्रशिक्षक गुलाबरावांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. सामन्याआधी ते प्रत्येकीला दोन मोठे गिलास काळी कॉफी पाजत. पहिल्या डावात पोरी वाघिणी होत. दुसऱ्यात चढाईचा दम अर्ध्यात तुटे आणि बाकीच्या गुडघ्याला गुडघा लावून उभ्या राहत. दोन सामने कसेबसे जिंकले. आज चारला अंतिम सामना होता.

"रुखमा फायनल विकाले बसली," गुलाबराव म्हणाले. "चारपर्यंत खुलासा नाई भेटला, तं जिल्ह्याच्या संघातून तिचं नाव कापतो."

श्रीहरीनं वामनरावांना पुढं केलं. त्या संघासाठी रुखमा दोन वर्षं पहाटे धावली होती.

वामनरावांना पहिला संशय संत्र्यांच्या फोडींचा. तपासासाठी त्यांनी चौदा खाल्ल्या आणि ढेकर दिला. दुसरा संशय नजरबंदीचा. गर्दीतल्या काळ्या चष्मेवाल्याला त्यांनी धरलं, तर त्याचा मोतीबिंदू काढलेला निघाला. मग रुखमाची पाळी.

"दुसऱ्या डावात होते काय तुले?"

तिनं मान खाली घातली. "तुमाले सांगाची गोष्ट नाई, भाऊ."

"गुन्हा कबूल!" वामनरावांनी वहीत लिहिलं.

उरली कॉफी. संघाची स्वयंपाकीण बायनाबाई ती विटांच्या चुलीवर उकळत होती.

"बाई, यात काय टाकता?"

"कॉफी."

"अजून?"

"पाणी. बादलीभर." तिनं पळी खाली ठेवली. "एवढे शोधून राह्यले, तं मले सांगा बाबू, हे पाणी पोरींनं सोडाचं कुठी?"

वामनरावांनी चौफेर पाहिलं. सपाट बांधी, ससा लपेल एवढंही गवत नाही, आणि चारही बाजूंना बापेमाणसं. भाषणांमुळे सामना रोज तासभर उशिरा सुरू होई. श्रीहरी सकाळपासून तीनदा शेताच्या धुऱ्याकडे तोंड करून मोकळा होऊन आला होता. त्याला स्वतःची लाज वाटली. तो उठला आणि स्टेजमागचा पडदा सोडू लागला.

"अरे, काऊन काढतं?" आयोजक धावले. "पोरींले आडोसा? इतक्या वर्षांत कोनं मांगितला नाई!"

"इतक्या वर्षांत कोनं इचारलं नाई," बायनाबाई म्हणाली, आणि चार बांबू घेऊन निघाली.

पडद्याचा आडोसा उभा राहिला. मधल्या सुट्टीत अख्खा संघ तिथं जाऊन आला आणि दुसऱ्या डावात रुखमानं एका चढाईत चौघी मारल्या. ऊर्जानगर जिंकलं. गुलाबराव तिच्यासमोर येऊन नुसतेच खाकरले. "नाव राहते तुझं," म्हणाले.

आणि वामनराव? बायनाबाईनं त्यांना आडोशाकडे पाठ करून पहाऱ्यावर उभं केलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना काहीही न पाहण्याचं काम मिळालं, आणि ते त्यांनी चोख केलं.