बिनधुराचे काकाजी

सकाळी तोंडात ब्रश असताना आपल्यावर कोणी ओरडू नये, एवढी माझी माफक अपेक्षा आहे. पिपरीला राहायला आल्यापासून ती पुरी झालेली नाही. मी मागच्या अंगणात आंघोळीच्या पाण्यासाठी चूल पेटवते. तिचा पहिला धूर भिंतीच्या वर गेला रे गेला, की पलीकडून आवाज येतो.

“सूनबाई! पांढरा येऊन राह्यला!”

पांढरा धूर म्हणजे लाकूड ओलं. काळा आला तर चुलीत कोंबाकोंब झालेली, आत हवा नाही. धूर अजिबात दिसला नाही तर पलीकडून काहीच आवाज येत नाही. ती शाबासकी समजायची. ती मला फारशी मिळत नाही, कारण मला नोकरी आहे, घरात पाच माणसं आहेत आणि चुलीपुढे बसून काडी-काडीची विचारपूस करायला वेळ नाही.

हे ओरडणारे गृहस्थ म्हणजे आमचे शेजारी मारोतराव काकाजी. एस.टी.तून निवृत्त झालेले ड्रायव्हर. माझ्या सासऱ्यांचे दोस्त, म्हणून मी त्यांची सूनबाई. सासरे गेले, पण हे नातं काही सुटलं नाही. उभी हयात वर्धा-जाम आणि वर्धा-कारंजा या रस्त्यांवर गाडी चालवण्यात गेली. पुढच्या ट्रकच्या धुराकडे बघून त्याच्या इंजिनात काय बिघाड आहे ते सांगायचे म्हणे. निवृत्त झाल्यावर ट्रक दिसेनासे झाले आणि आमच्या चुली दिसायला लागल्या.

“चूल म्हणजे इंजिन हाय,” हे त्यांचं आवडतं वाक्य. “धूर म्हणजे काय? न जळलेलं लाकूड. तू लाकूड जाळून नाई राह्यली वं, हवेत फेकून राह्यली. मायलेज कुठून भेटन तुले?”

“काकाजी, मला अमरावतीला नाही जायचं. पाणी तापवायचं आहे.”

“तेच तं. हवा दे तिले, हवा!”

एकदा ते रीतसर तपासणीला आले. चुलीसमोर उकिडवे बसले आणि आधी आतली राख उपसून बाहेर काढली. “सायलेन्सर चोंदला होता,” म्हणाले. मग भंगारातून आणलेली एक लोखंडी जाळी आत बसवली, म्हणजे लाकडं जाळीवर राहतात आणि खालून हवा जाते. पाणी तापवायचं माझं मोठं पातेलं, म्हणजे गंज, उचलून बुडावर मातीचा लेप दिला, काजळी घासायला सोपी जाते म्हणून. गंजावर झाकण नव्हतं. ते बघून त्यांनी असा चेहरा केला, जणू मी दार सताड उघडं टाकून गावाला निघाले आहे. शेवटी बाभळीची माझी जाड लाकडं बाहेर ओढली आणि कुऱ्हाड मागितली. अंगठ्याएवढ्या चिरफळ्या केल्या. तीन-चारच आत घातल्या, त्याही फक्त टोकं जाळात राहतील अशा.

“जशी जळन तशी पुढं सरकवजो. एकदम अॅक्सिलेटर नाई दाबायचा.”

पाणी लवकर तापलं, हे मला कबूल करावं लागेल. पण त्या दिवशी मी शाळेच्या ऑफिसात उशिरा पोचले आणि मुख्याध्यापकांनी कारण विचारल्यावर मला काय सांगावं ते सुचेना.

त्यांचं स्वतःचं अंगण बघण्यासारखं आहे. टिनाच्या छपरावर पऱ्हाट्या वाळत घातलेल्या, म्हणजे कापसाची झाडं उपटल्यावर उरतात त्या काड्या. एका कोपऱ्यात तुराट्यांच्या, म्हणजे तुरीच्या काड्यांच्या, सारख्या लांबीच्या जुड्या. दोन काड्या एकमेकींवर आपटून आवाज ऐकल्याशिवाय चुलीत जात नाहीत. “टण्ण वाजली तं सुकली. ठप्प वाजली तं बाहेर.” स्वयंपाक झाला की उरलेलं लाकूड ओढून राखेत खुपसायचं. पाणी ओतून विझवायचं नाही, कारण “पाणी मारलेलं लाकूड उद्या रडते.” मग त्या निखाऱ्यांवर वांगं ठेवायचं. काकाजींचं भरीत मात्र मी वाटी पुढे करून मागते. त्यात माझा स्वाभिमान आड येत नाही.

काकी होत्या तेव्हा त्याही वैतागायच्या. “एस.टी. तं डेपोत जमा केली, आता मले चालवून राह्यले,” असं त्या माझ्याकडे येऊन सांगायच्या आणि बसल्या बसल्या हसायच्या. काकी जाऊन आता बरीच वर्षं झाली. काकाजी एकटेच राहतात, एकट्यासाठी भाकरी टाकतात आणि त्यांच्या चुलीतून धूर म्हणून निघत नाही. “माही चूल पेटली का नाई, शेजाऱ्याले समजू नये,” असं ते अभिमानानं सांगायचे.

त्यांचं सगळंच बरोबर असतं असं कोणी समजू नये. एका हिवाळ्यात आमच्या शेतात रोडग्यांचा बेत केला होता. रोडगे म्हणजे कणकेचे जाड गोळे. गोवऱ्यांच्या धगीत ते दमानं भाजावे लागतात. गोवऱ्या धुमसतात, धूर होतो, माणसं डोळे चोळत गप्पा मारतात आणि मग जेवायला बसतात. काकाजींना तो धूर सहन होईना. आम्ही वांगी चिरत असताना त्यांनी गोवऱ्यांचा अख्खा ढीग मोकळा करून हवेशीर रचला आणि सुपानं वारा घातला. जाळ असा झाला, की शेजारच्या शेतातली माणसं धावत आली. रोडगे वरून कोळसा आणि आतून कच्ची कणीक. पाहुण्यांनी वांग्याची भाजी आणि वरण खाऊन वेळ मारून नेली.

“धूर तं नाई झाला ना?” एवढंच ते म्हणाले. माझी नणंद अजून त्यांच्याशी नीट बोलत नाही.

त्यांचा मुलगा प्रशांत पुण्याला असतो. मुलगा भला, सून भली, फ्लॅट सातव्या मजल्यावर. मागं एकदा काकाजी आठवडी बाजारात चक्कर येऊन पडले, तेव्हा प्रशांत त्यांना घेऊन गेला. महिना काढायचा म्हणून गेलेले काकाजी त्याच्या आतच परत आले. तिथल्या विजेच्या शेगडीवर त्यांचा राग होता. “पाणी उकळते अन् जाळ दिसत नाई. सैपाक हाय का जादू?” गॅलरीत बसून करणार काय, तर खालच्या गाड्यांचा धूर बघणार, आणि सातव्या मजल्यावरून ओरडलेलं कोणाला ऐकू जात नाही.

परत सोडायला आला तेव्हा प्रशांत मला म्हणाला, “वहिनी, ह्या वेळेस ऐकलं त्यांचं. आता आणखी काही झालं, तर मी घराला कुलूप लावून घेऊन जाईन.” काकाजी ओसरीवर बसून ऐकत होते. तेव्हापासून त्यांना सर्दीसुद्धा होत नाही. झाली तरी ते सांगत नाहीत.

यंदा ऐन थंडीत रात्री अवकाळी शिंतोडे आले. सकाळी माझी सगळी पऱ्हाटी ओली. तरी मी ती चुलीत कोंबली, कारण आंघोळी कोणाला चुकत नाहीत. धुराचा असा लोट उठला, की मला चूल दिसेना. मी फुंकणीनं फुंकत होते, डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि कान आपोआप भिंतीकडे लागले होते. पलीकडून आवाज आला नाही. मी आणखी पऱ्हाटी घातली. धूर आधी पांढरा होता, मग काळा झाला, मग दोन्ही रंगांचा एकदम यायला लागला. तरी आवाज नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. एक सकाळ शांततेची मिळाली म्हणून मी खुशीत गंजावर झाकण ठेवलं.

मग न्हाणीतून खोकत हे म्हणाले, “काकाजी कुठं गावाले गेले का?”

आणि मी फुंकणी टाकून त्यांच्या फाटकाकडे धावले.

फाटकाला आतून कडी होती. मी पाण्याचा रिकामा ड्रम भिंतीला लावला, गाऊन खोचला आणि वर चढले. पलीकडे काकाजी चुलीजवळ जमिनीवर बसले होते. एक पाय पुढे ताणलेला, तोंड पांढरं पडलेलं. ओल्या फरशीवर पाय घसरला होता. चुलीत काड्या नीट रचलेल्या होत्या आणि चूल पेटलेली नव्हती.

“काकाजी! आवाज काऊन नाई दिला?”

“आवाज कापून राह्यला होता,” ते म्हणाले. “तुले समजलं असतं.”

“समजायलाच पाहिजे ना मग!”

“समजलं असतं तं तू प्रशांतले फोन लावला असता.” मग डोळे पुसत म्हणाले, “तुह्या धुरानं जीव गेला माहा. पण बोललो नाई.”

मला इतका संताप आला, की भिंतीवरून उतरताना मी त्यांच्या तुराट्यांच्या जुड्यांवर पाय देऊन उतरले. त्यांनी तेवढ्यातही “मोडशीन वं,” म्हटलं.

डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे, पाय नुसता मुरगळला आहे. घरी आणून पाय उशीवर ठेवला आणि मी त्यांच्यासमोरच प्रशांतला फोन लावला, स्पीकरवर. मला लपवाछपवी जमत नाही. काकाजींनी मान फिरवून भिंतीकडे केली.

“मी शनिवारी निघतो, वहिनी,” प्रशांत म्हणाला. “ह्या वेळेस घेऊनच येतो.”

“बाबा रे, मी आहे इथं. रोज सकाळी बघत जाईन.”

“कसं बघणार? तुमची सकाळची घाई, मधे एवढी उंच भिंत. फोन ते उचलत नाहीत. दुसऱ्या कोणाची चूल पेटली, तर निदान धूर दिसतो. त्यांच्या चुलीला तर धूरही नाही. ते उठले की पडले, तुम्हाला कळणार कशावरून?”

पोराचं बरोबर होतं. फोन ठेवल्यावर मी काकाजींना म्हटलं, रोज उठल्यावर मला एक फोन करत जा. ते म्हणाले, “तू काय डेपो मॅनेजर हाय, हजेरी लावाले?” मग निदान उठल्यावर थाळी वाजवत जा म्हटलं. “मी काय कोरोना पळवून राह्यलो?” म्हणाले आणि तोंडावर पांघरूण ओढून घेतलं. मी भाकरी झाकून ठेवली आणि मनातल्या मनात त्यांची बॅग भरली.

शनिवारी रात्री प्रशांत आला. रविवारी सकाळी मी चुलीजवळ असताना तो आमच्या मागच्या अंगणात येऊन उभा राहिला. डोळ्यांवर झोप, हातात काही नाही.

“काय रे?”

“काय माहीत, वहिनी. बाबा म्हणाले, सूनबाईच्या अंगणात जाऊन उभा राह्य अन् भिंतीकडे पाह्य.”

आम्ही दोघं भिंतीकडे बघत उभे राहिलो. पलीकडे काडी आपटल्याचा आवाज आला. टण्ण. पुन्हा टण्ण. मग जरा थांबून, ठप्प.

आणि भिंतीच्या वर धुराची एक रेघ आली. बारीक, पांढरी, सरळ. काकाजींच्या चुलीतून धूर निघालेला मी त्यापूर्वी पाहिला नव्हता. प्रशांतनंही पाहिला नसावा.

पलीकडून आवाज आला, “दिसला का रे?”

गाडी मागे घेताना ड्रायव्हर कंडक्टरला विचारतो, तसा.

“दिसला, बाबा.”

“तिथून बरोबर दिसते ना? सूनबाईले?”

“दिसतो.”

“मंग झालं,” काकाजी म्हणाले. रेघ तेवढ्यात बंद झाली. त्यापुढे चूल नेहमीसारखी बिनधुराची.

प्रशांत त्या दिवशी संध्याकाळी एकटाच पुण्याला गेला. जाताना माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, “वहिनी, धूर…” मी म्हटलं, “बघीन. जा तू.”

तेव्हापासून रोज सकाळी भिंतीवर ती रेघ येते आणि पाठोपाठ “दिसला का वं?” येतं. मी तोंडातला ब्रश काढून “दिसला” म्हणते. त्यानं काही सुधारणा झाली आहे असं नाही. माझा धूर निघाला, की “पांढरा येऊन राह्यला” चालूच आहे. एकदा मी चिडून म्हटलं, “अन् तुमचा काय हिरवा असते का?” तर म्हणाले, “माहा येगळा हाय. माहा कामाचा हाय.” शिवाय माझ्या दोरीवरच्या धुतलेल्या कपड्यांना आता दोन घरांच्या धुराचा वास येतो.

परवा भरीत आणायला संध्याकाळी पलीकडे गेले. तुराट्यांच्या जुड्या पहिल्यासारख्याच रचलेल्या होत्या, कोरड्या ठणठणीत. चुलीजवळ ओट्यावर स्टीलचा एक ग्लास होता. अर्धा पाण्यानं भरलेला आणि आत एकच तुराटी उभी.

“हे काय, काकाजी?”

“उद्याची हाय,” ते म्हणाले, आणि वांगं उलटलं.