एक जानेवारी, कायम

जन्म, मृत्यू व विवाह नोंदणी कार्यालयात संगणक आला आणि त्याने पहिल्याच दिवशी काम करायला नकार दिला. पडद्यावर ओळ उमटली : ‘मेमरी अपुरी आहे.’ सगळी मिळून जागा सहाशे चाळीस किलोबाइट. नोंदणीचा प्रोग्रॅम तीत थोडक्यासाठी मावत नव्हता.

ऑपरेटर विज्ञानाची पदवीधर. तिने आधी माउसचा प्रोग्रॅम काढला. मग छपाईची सुबक अक्षरं काढली. मशीन अडून बसलं ते बसलंच. शेवटी तिने तारीख-वेळ सांभाळणारा चिमुकला प्रोग्रॅम उचलून बाहेर ठेवला, आणि नोंदणी लोण्यासारखी चालू झाली. फरक एवढाच, की मशीन आता रोज सकाळी १ जानेवारी १९८० रोजी जागं होई. बाहेर १९८९ चालू होतं. ती आल्या आल्या हाताने तारीख घालायची.

एका सोमवारी विसरली. त्या दिवशी गेलेली सगळी उत्तरं मूळ तक्रारींच्या नऊ वर्षं आधीची निघाली. वरिष्ठ थक्क झाले. साहेबांना तत्परतेची ढाल मिळाली.

“यापुढे तारखेला हात लावायचा नाही,” साहेबांनी बजावलं.

“पण साहेब, ती चुकीची आहे.”

“हाताने तारीख बदलणं म्हणजे नोंदींत फेरफार. नोकरी जड झालीय का?”

झालं. बाळांचे अर्ज ‘अद्याप जन्म नाही’ या शेऱ्यासह परत जाऊ लागले. मृत्यूचा दाखला मागणाऱ्या एका आजींना साहेबांनी समजावलं, “तुमचे यजमान नोंदीप्रमाणे हयात आहेत.”

“मग संध्याकाळी घरी पाठवा,” आजी म्हणाल्या. “येताना भाजी आणा म्हणावं.”

ऑपरेटर तोंड दाबून हसली. तिचं स्वतःचं लग्न ठरेपर्यंत तिला सगळी गंमतच वाटत होती.

मग एके दिवशी तीच खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभी राहिली. शेजारी होणारा नवरा. त्याचं जहाज संध्याकाळी सुटणार होतं, वर्षभरासाठी. विवाहाच्या दाखल्याशिवाय तिला कुणी चढू देणार नव्हतं.

साहेबांनी पडदा पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला. “वधू, वय तेरा! लाज नाही वाटत?”

“अहो, बावीस! तुम्हीच मला कामावर घेतलंत ना?”

“तो बालमजुरीचा गुन्हा झाला म्हणायचा. बोलू नका कुठे.” ते वराकडे वळले. “आणि तुम्ही सोळाचे. ही मिशी कुठून आणलीत?”

“साहेब, तारीख खोटी आहे हो!”

“असं? मग दोन साक्षीदार आणा. आज आजच आहे, असं लेखी देऊ देत. लगेच बदलतो.”

तिने आशेने रांगेकडे पाहिलं.

“पोरी, निवृत्तीला आलो होतो,” हातातला वयाचा ताजा दाखला सांभाळत एक काका पुटपुटले. “आता परत बढतीला पात्र झालोय.”

“माझं तर नावच घेऊ नकोस,” मागच्या मावशी म्हणाल्या. “एकोणतीस लागलंय मला!”

बंदरावर भोंगा झाला. रांगेत शेवटी तुम्ही होतात, वाचकहो. तिने तुमच्याकडे पाहिलं. तुमचा दाखला अजून निघायचा होता. तुम्ही नऊ वर्षांनी लहान होऊ घातलेल्या माणसाला शोभेल इतक्या निरागसपणे छताचा पंखा बघू लागलात.