हरिदासराव लाटेकडे झुकतात

"तुमाले पोहता तरी येते काय?" मंदाकिनीबाईंनी पोह्यांची बशी आदळत विचारलं.

"येते थोडं थोडं," हरिदासराव पोह्यातले शेंगदाणे वेचत म्हणाले.

"आन् नाव चालवता येते?"

"नाव शिकून राहिलो न. रोज सकाळी जातो तळ्यावर."

"काहून पण? या वयात हे कोणं सांगितलं तुमाले?"

यावर हरिदासराव पाणी आणायला स्वयंपाकघरात गेले. समोरून काहीही अंगावर येताना दिसलं की बाजूला व्हायचं, हा त्यांचा जन्माचा स्वभाव होता. पंडरीच्या कापडबाजारात मंदाकिनीबाईंची घासाघीस सुरू झाली की ते शेजारच्या दुकानातले पडदे बघायला लागत. साहेब तापले की त्यांना नेमकी कपाटातली जुनी फाईल आठवे. या स्वभावावर त्यांचा संसार आणि नोकरी दोन्ही बिनबोभाट चालली होती. पण नवीन राज्य झालं आणि सगळा घोळ झाला.

रायपूर राजधानी झालं आणि भोपाळच्या चीजवस्तूंची वाटणी झाली. खुर्च्या आल्या, पंखे आले, जीपगाड्या आल्या. हरिदासराव ठवकर ज्या खात्यात मोठे बाबू होते, त्या खात्याच्या वाट्याला एक कयाक आली. कयाक म्हणजे समुद्राच्या लाटांत चालवायची, एकट्याने बसायची चिंचोळी नाव. जुन्या राज्याला समुद्र नव्हता आणि नव्यालाही नाही. तरी कोण्या हौशी साहेबाने कधीकाळी अशा दोन नावा घेऊन ठेवल्या होत्या, आणि वाटणी म्हणजे वाटणी. एक तिकडे राहिली, एक इकडे आली. वल्हंही इकडे आलं. नावेच्या बसायच्या भोकातून पाणी आत शिरू नये म्हणून कमरेभोवती घालायचा रबरी झगा मात्र भोपाळच्या वाट्याला गेला.

वाटणी माणसांचीही झाली, आणि त्यात हरिदासरावांचं नाव भोपाळच्या बाजूला पडलं. पुरानी बस्तीतलं बापाने बांधलेलं घर, सकाळचे पोहे, शनिवारचा मारुती, हे सगळं सोडून जायचं या विचाराने त्यांना रात्री झोप लागेना. "तुमी जा," मंदाकिनीबाईंनी सांगून टाकलं होतं. "मी माहं घर सोडून येत नसतो." हरिदासरावांना स्वतःला चहासुद्धा करता येत नव्हता.

अशात एक दिवस साहेबांनी कयाकवरची धूळ बोटाने पुसत विचारलं, "इसको चलाना किसी को आता है?" आणि हरिदासरावांचा हात, मालकाला न विचारताच, वर गेला.

साहेब खूश झाले. "बढ़िया। बोट यहाँ रहेगी, तो बोट का आदमी भी यहीं रहेगा।" मग थोडं थांबून ते म्हणाले, "अगले महीने पुरी में सब राज्यों के कर्मचारियों का मेला है। आप लहरों के पार जाकर सीधे बैठे-बैठे लौट आए, तो रायपुर के। उलट गए, तो बोट भी भोपाल, आप भी।"

शिकवायला रीना मिळाली. ती एनसीसीच्या नौदल तुकडीतली, कॉलेजात शिकणारी चुणचुणीत पोट्टी. मराठी तिला सगळी कळे, पण उत्तर हिंदीतच देई. सपाट पाण्यावर हरिदासराव आठवडाभरात बरे चालवायला लागले. मग रीना म्हणाली, "अंकल, असली चीज़ लहर है। नाव आड़ी हो गई और लहर बाजू से आई, तो लहर की तरफ झुकना है। दूर झुके तो गए।"

"लाट अंगावर येते आणि मी तिच्याचकडे झुकू?"

"हाँ। चप्पू लहर पे टेको और उसी पे झुको।"

हे हरिदासरावांना पटलं, पण त्यांच्या कमरेला पटलं नाही. शिवाय तळ्यात लाट आणायची कुठून, हाही प्रश्न होता. तो पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, हिरालालने सोडवला. त्याच्याकडे म्हशी होत्या. "हव भैया, लहर चाही न?" म्हणून त्याने सगळा कळप एकदम घाटावरून पाण्यात लोटला. म्हशी धबाधब उतरल्या आणि तळ्यात खरोखरच लाट उठली. हरिदासराव सवयीप्रमाणे बाजूला झाले, म्हणजे उलट्या अंगाला झुकले, आणि नावेसकट पाण्यात गेले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. घाटावर बघ्यांची गर्दी वाढू लागली आणि म्हशींनाही या खेळाची गोडी लागली.

"अंकल, एक तो आप झुकते गलत हो, ऊपर से पानी अंदर भर जाता है," रीना म्हणाली. "झगे का कुछ करो।"

हरिदासराव विचार करत घरी आले, तर अंगणातल्या तारेवर मेणकापड वाळत होतं. मंदाकिनीबाईंनी जेवणाच्या टेबलासाठी ते पंडरीहून नुकतंच आणलं होतं. पिवळंधमक, वर जांभळ्या द्राक्षांचे घड छापलेले. मंदाकिनीबाई भजनाला गेल्या होत्या. पुढच्या घटका-दोन घटकांत हरिदासरावांनी कात्रीने मेणकापडाला मधोमध कमरेएवढं भोक पाडलं, कडेला इलॅस्टिक ओवलं आणि झगा पिशवीत दडवला. पंडरीहून तसंच दुसरं आणून ठेवू, असा त्यांचा साधा हिशेब होता. पण पंडरीत केळी होती, सफरचंदं होती, गुलाब होते. द्राक्षं संपली होती.

मंदाकिनीबाईंनी मेणकापड दोन दिवस शोधलं आणि तिसऱ्या दिवशी निकाल दिला. "शेवंतानंच नेलं. तिची तार आपल्या तारेले लागूनच आहे."

शेवंता म्हणजे शेजारीण. नवरा सिलतऱ्याच्या कारखान्यात. दोन्ही घरांत वर्षानुवर्षं भाजीची वाटी इकडून तिकडे जात होती. ती वाटी बंद झाली. "माह्या घरी टेबल तरी आहे काय?" असं शेवंताने अंगणातून सगळ्या गल्लीला विचारलं, पण मंदाकिनीबाईंनी दार लावून घेतलं. हरिदासरावांना मनातून फार वाईट वाटलं. बोलावं, असं रोज वाटे. रोज ते बाजूला होत. तळ्यावर मात्र खबरदारी म्हणून झगा उलटा घालत, पांढरी बाजू वर आणि द्राक्षं आत.

पुरीला जायचं तर जगन्नाथाचं दर्शनही होईल, म्हणून दोन्ही घरांनी भांडणाच्या आधीच तिकिटं काढली होती. त्यामुळे त्या दोघी एकाच डब्यात समोरासमोर आल्या आणि रायपूर ते पुरी हरिदासरावांमार्फत बोलल्या.

"यांले सांगा, पाय घ्या जरा," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"तुमच्या बाईसाहेबांले म्हणा, लाडू खायाचा असन तर आहे. इकतचा आहे, कोणाच्या तारेवरचा नाही."

हरिदासराव दोन्हीकडे मान हलवत खिडकीबाहेर बघत राहिले.

पुरीचा समुद्र पाहून ते आधी दोन पावलं बाजूला झाले. इथे एकेक लाट घराच्या ओट्याएवढी उठत होती, आणि ती उठवायला एकही म्हैस लागत नव्हती. वाळूवर साहेब खुर्ची टाकून बसले होते. थोड्या अंतरावर मंदाकिनीबाई आणि त्यांच्यापासून चार हात दूर शेवंता, दोघी तोंडं फिरवून उभ्या होत्या.

हरिदासराव नावेत बसले. रीनाने झगा तपासला. "अंकल, ये तो उल्टा है। चिकना हिस्सा ऊपर, नहीं तो पानी पिएगा।"

"राहू दे न बेटा."

"अंकल, डूबना है क्या?" म्हणत तिने झगा ओढून काढला, उलटवला आणि चापूनचोपून बसवला. पुरीच्या उन्हात द्राक्षं झळकली. हरिदासरावांनी पटकन अंगावर टॉवेल घेतला आणि वल्हं मारलं. पहिल्या लाटेनेच टॉवेल नेला.

तरी जाणं ठीक झालं. लाटा समोरून येत होत्या आणि नाव त्या फोडत गेली. मग ते किनाऱ्याकडे वळले आणि आता लाटा पाठीमागून येणार, हे त्यांच्या ध्यानात आलं. येताना एका लाटेने नावेची शेपटी उचलली आणि नाव पार आडवी केली. आता डावीकडे समुद्र होता, उजवीकडे किनारा, आणि डावीकडून त्या दिवसातली सगळ्यांत मोठी लाट उठत होती. "अंकल, लहर की तरफ!" रीना ओरडली. हरिदासरावांची कंबर जन्मभराच्या सवयीने उजवीकडे, किनाऱ्याकडे कलू लागली. भोपाळ आता हाताच्या अंतरावर आलं होतं.

किनाऱ्यावर शेवंताने डोळ्यांवर हात धरला. भांडणानंतर पहिल्यांदा ती थेट बोलली. "मंदाताई, तुमच्या मिस्टरच्या कमरेले ते पिवळं काय आहे वो?"

मंदाकिनीबाईंनी पाहिलं. त्यांना आधी द्राक्षं ओळखू आली, मग नवरा.

"अहो," त्यांनी आवाज लावला, "ते माह्या टेबलाचं आहे."

"आन् मले चोर ठरवलं?" शेवंताने मागोमाग सूर धरला.

तो आवाज समुद्राच्या गाजेवरून सरळ हरिदासरावांपर्यंत पोचला. त्यांनी उजवीकडे पाहिलं. पदर खोचून दोघी गुडघाभर पाण्यात शिरत होत्या. त्यांनी डावीकडे पाहिलं. तिकडे नुसती लाट होती. हरिदासरावांच्या कमरेने क्षणाचाही विचार केला नाही. ती आयुष्यभर करत आली तेच तिने केलं, मोठ्या संकटापासून बाजूला झाली. हरिदासराव सगळं अंग टाकून डावीकडे झुकले, वल्हं लाटेवर टेकलं, आणि लाटेने त्यांना अलगद कुशीत घेऊन, ताठ बसल्या बसल्या, किनाऱ्यापाशी आणून ठेवलं.

रीना नाचायलाच लागली. साहेब खुर्चीतून उठले. "वाह ठवकर जी, क्या झुके हैं। अब आपको रायपुर से कोई नहीं हिला सकता।"

हरिदासरावांना गहिवरून आलं. घर वाचलं होतं, पोहे वाचले होते, मारुती वाचला होता. मग त्यांनी समोर पाहिलं. मंदाकिनीबाई आणि शेवंता आता शेजारीशेजारी उभ्या होत्या. शेवंताच्या हातात लाडवांचा डबा होता आणि मंदाकिनीबाई त्यातला लाडू खात होत्या.

"या बाहेर," मंदाकिनीबाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या. "निवांत बोलू आपण."

"मी बी आहे," शेवंता म्हणाली.

हरिदासरावांनी हळूच वल्हं फिरवलं. नावेचं तोंड पुन्हा समुद्राकडे झालं. मग मान तिरकी करून त्यांनी साहेबांना विचारलं, "साहब, वो भोपाल वाला... अब भी हो सकता है क्या?"