विजेता नेमका कितवा?

"तो चांगला खेळतो, याबद्दल माझा वाद नाही," चहाची रिकामी बशी बाजूला सरकवत निवृत्त वजनमापे निरीक्षक म्हणाले. "वाद एवढाच आहे, की किती चांगला?"

"भाऊजी, पूलचा विभागीय विजेता आहे तो! ओळीनं सात वर्षं!" त्यांच्या पत्नीचा भाऊ, जो व्यवसायाने शिंपी आणि स्वभावाने प्रेक्षक होता, खुर्चीतून अर्धा उठला. "आता आणखी कुठला दाखला आणायचा?"

"विभागात त्याच्याशी खेळतं कोण? एक दातांचा डॉक्टर, दोन विमा एजंट आणि एक गाण्याचा मास्तर. वासरांत लंगडी गाय शहाणी."

"लंगडी असती तर सात वर्षांत कधीच खाली बसली असती!"

"वासरं काय वेगानं चालतात, ते आधी सांग."

हा वाद तिसऱ्या महिन्यात पदार्पण करून होता, आणि त्याला कारणही तसेच होते. निरीक्षकांच्या एकुलत्या एका मुलीने या विजेत्याशी लग्न करण्याचा निश्चय घरात जाहीर केला होता. काठीने चेंडू टेबलाच्या भोकांत, म्हणजे पॉकेटांत, धाडायचा पूल नावाचा खेळ खेळून पोट भरणारा जावई, या कल्पनेने दुसरा एखादा बाप हादरला असता. निरीक्षक हादरले नाहीत. त्यांची अडचण तात्त्विक होती. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी तोलून पाहिल्यावाचून एकाही वजनावर शिक्का मारला नव्हता, आणि 'विभागीय विजेता' हे त्यांच्या मते वजन नव्हते, वेष्टनावरचा मजकूर होता. आत नेमका माल किती, हे कळेपर्यंत संमती द्यायची नाही, असे त्यांनी ठरवले होते. उलट शिंपीमामांचे सारे आयुष्य शिवणीच्या आत दोन बोटे कापड राखून ठेवण्यात गेलेले. नेमकेपणा हा त्यांना कंजूषपणाचाच एक प्रकार वाटे. भाचीचा होणारा नवरा जगातला पहिल्या पाचांतला खेळाडू आहे, असे ते गिऱ्हाइकांना मापे घेता घेता सांगत.

"अहो, माणूस पारखताय की बटाटे तोलताय?" निरीक्षकांच्या पत्नीने आतून विचारले.

"बटाटे तोलताना लोक जास्त काळजी घेतात, हेच तर दुःख आहे."

"बाबा," मुलगी शांतपणे म्हणाली, "काय कळलं म्हणजे तुम्ही हो म्हणाल?"

"आकडा."

"मग घरात बसून काय कळणार?" मामा म्हणाले. "उद्या रविवार आहे. क्लबात या आणि एकदा डोळ्यांनी बघा."

मामांनी आयुष्यात दिलेल्या अनेक सल्ल्यांपैकी हा एकच कुणी तंतोतंत पाळला. दुसऱ्या दिवशी सकाळी निरीक्षक टायरच्या दुकानावरच्या त्या क्लबात हजर झाले, पण नुसते डोळे घेऊन नव्हे. त्यांच्या काखेत मखमली पिशवी होती आणि पिशवीत पितळी पाणसळ. पाण्याच्या नळीतला बुडबुडा पाहून पृष्ठभाग समपातळीत आहे की नाही ते सांगणारे हे उपकरण त्यांना सहकाऱ्यांनी निवृत्तीच्या दिवशी भेट दिले होते. विजेता अजून यायचा होता. क्लबचे व्यवस्थापक खडूची भुकटी झटकत होते. ज्या टेबलावर सातही अंतिम सामने झाले, ते निरीक्षकांनी विचारून घेतले, हिरव्या कापडावर पाणसळ अलगद ठेवली, चष्मा पुसला, वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"काय झालं?" मामांनी विचारले.

"बुडबुडा मध्ये नाही."

"कुठाय मग?"

"डावीकडे. म्हणजे टेबल उजवीकडे उतरतं आहे." निरीक्षक सावकाश सरळ झाले. "हा माणूस सात वर्षं वाकड्या टेबलावर जिंकतो आहे."

व्यवस्थापक हातातल्या फडक्यासकट स्टुलावर बसले. "साहेब, असं बोलू नका हो. या टेबलावर माझा संसार उभा आहे."

"मग तोही उजवीकडे उतरत असणार," निरीक्षक म्हणाले आणि त्यांनी पाना मागितला.

टेबलाच्या पायांचे स्क्रू पिळून बुडबुडा बरोबर मध्यावर येईपर्यंत दीड तास गेला. तेवढ्यात ही बातमी जिन्यावरून खाली टायरच्या दुकानात, तिथून समोरच्या इस्त्रीवाल्याकडे आणि तिथून गावभर पोचली. दुपारी दोनच्या सुमारास दातांचे डॉक्टर धापा टाकीत वर आले. सातही वर्षे अंतिम सामन्यात हरलेले ते हेच. दाढ ठणकते म्हणून सुटीच्या दिवशी आलेल्या रुग्णाला "आ" करायला सांगून ते तसेच उठून आले होते.

"मला वाटलंच होतं!" ते गरजले. "माझे सात चषक या उतारावरून घरंगळत त्याच्या घरी गेले! आत्ताच्या आत्ता सामना हवा. सरळ टेबलावर!"

"कुणाशी?" दारातून आवाज आला. विजेता आला होता. त्याच्यामागे निरीक्षकांची मुलगी होती. अंगाने साधारण, बोलायला कमी, असा तो माणूस; गर्दीत त्याच्याकडे कुणी दुसऱ्यांदा पाहिले नसते. व्यवस्थापकांनी त्याला सगळा प्रकार रडवेल्या आवाजात सांगितला. त्याने टेबलाकडे पाहिले, निरीक्षकांकडे पाहिले आणि कोट काढून खुंटीला अडकवला.

"खेळू या," तो म्हणाला.

"आधी सात डाव जिंकेल तो," डॉक्टर म्हणाले. "आणि मी जिंकलो तर सातही किताबांची फेरतपासणी करायची. तसं मी विभागाच्या पूल मंडळाला लिहिणार."

"आणि आजचा निकाल," निरीक्षक मुलीकडे न पाहता म्हणाले, "मीही अंतिम धरणार."

"बाबा, एका सामन्यावर?"

"एका तराजूवरच माल तोलतात, बाळ. फक्त तो खरा असावा लागतो."

पहिला डाव डॉक्टरांनी जिंकला. लोकांनी एकमेकांकडे पाहिले. दुसरा डॉक्टरांनी जिंकला, तेव्हा कुणी एकमेकांकडे पाहिले नाही. विजेत्याने हलक्या हाताने सोडलेला चेंडू पॉकेटच्या तोंडाशी जाई आणि ऐन वेळी, उधारी मागणारा माणूस दिसावा तसा, वाट बदलून निघून जाई. डॉक्टरांचे चेंडू मात्र घरच्यासारखे आत शिरत होते. तिसरा डावही डॉक्टरांचाच. तोवर त्यांना शोधत त्यांचा रुग्ण तोंडात कापूस घेऊन वर आला होता. चौथ्या डावाचा शेवटचा, काळा चेंडू पॉकेटात पडला तेव्हा दाढ विसरून त्यानेच पहिली टाळी वाजवली.

चार-शून्य.

मामांनी खांद्यावरची मापाची टेप काढून घडी घातली, उलगडली आणि पुन्हा घडी घातली. "भाऊजी," ते म्हणाले, "मी गावातल्या तीनशे माणसांना सांगून बसलोय हो. काहींच्या तर पँटा अजून माझ्याकडंच आहेत."

आपण बरोबर ठरत आहोत, हे निरीक्षकांना दिसत होते. समोर मुलगी ओठ घट्ट मिटून उभी होती, हेही दिसत होते. इतक्या अचूक मोजमापाचा इतका कमी आनंद त्यांना नोकरीत कधी झाला नव्हता.

"एक मिनिट घेऊ का?" विजेत्याने विचारले. त्याने पांढरा चेंडू टेबलाच्या एका टोकाला ठेवला आणि बोटाने हलकेच ढकलला. चेंडू सावकाश पलीकडे गेला. मग त्याने आडव्या बाजूने तसेच केले. मग कोपऱ्यातून. दुसऱ्याचे पत्र वाचताना माणूस जसा चेहरा कोरा ठेवतो, तसा ठेवून तो चेंडूची वाट पाहत होता. "हं," एवढेच म्हणून त्याने काठीला खडू लावला.

त्यानंतर काय झाले ते सांगायला फार वेळ लागत नाही, कारण घडायलाही लागला नाही. पाचवा डाव त्याने जिंकला, सहावा जिंकला. चेंडू आता पॉकेटच्या चांगला चार बोटे उजवीकडे नेम धरून निघत, अर्ध्या वाटेवर त्यांचे मन पालटे आणि ते वळून मुकाट्याने आत जात. सातवा, आठवा, नववा, दहावा. अकरावा डाव सुरू झाला तेव्हा डॉक्टर स्टुलावर बसले होते. तो संपला तरी त्यांना उठायची पाळी आली नव्हती. सात-चार.

मामांना ओरडायचे होते, पण तोंड उघडून आवाज बाहेर पडायचा राहिला होता; डॉक्टरांच्या रुग्णाशेजारी ते दुसरे रुग्ण दिसत होते.

"काका," विजेता निरीक्षकांना म्हणाला, "ती पाणसळ जरा देता?"

त्याने ती टेबलाच्या मध्यभागी ठेवली. बुडबुडा काटेकोर मध्यावर होता. मग त्याने ती उचलली, टोके उलटसुलट केली आणि त्याच जागी पुन्हा ठेवली. बुडबुडा सरकत थेट एका टोकाला जाऊन बसला.

निरीक्षकांना खुर्ची द्यावी लागली.

पाणसळ खरी असेल तर उलट फिरवली तरी बुडबुडा जागचा हलत नाही, हे त्यांना दुसऱ्या कुणी शिकवण्याची गरज नव्हती. त्यांनीच हजार दुकानदारांना ते शिकवले होते, आणि न शिकणाऱ्यांना दंड केला होता. परंतु निरीक्षकाने स्वतःच्या उपकरणाची पडताळणी स्वतः करू नये, असा खात्याचा नियम आहे. निवृत्तीनंतर पडताळणी करायला दुसरा निरीक्षक उरला नाही आणि नियम मात्र उरला. आपल्या मापावर आपणच शिक्का मारणे हा भ्रष्टाचार, या एका निष्ठेपोटी त्यांनी सहा वर्षांत ती पाणसळ एकदाही उलटी करून पाहिली नव्हती.

"म्हणजे सकाळी टेबल..." व्यवस्थापकांना वाक्य पुरे करवेना.

"सरळ होतं," विजेता म्हणाला. "वाकडं आता आहे."

"मग मी चार डाव जिंकलो ते कसे?" डॉक्टर उसळून म्हणाले.

"डॉक्टर, तुमचा बॉल नेहमी दोन बोटं उजवीकडे जातो. आज टेबल त्याला डावीकडे ओढत होतं. दोघं मिळून सरळ झालात."

एवढ्यात मामांच्या गळ्यात अडकलेला आवाज सुटला. "आता बोला भाऊजी! वाकड्या टेबलावर, चार डाव मागून, सात जिंकले! अहो, हा जगात पहिला आहे, पहिला!"

"नाही हो मामा," विजेता म्हणाला. "राज्यात एकेचाळिसावा."

टाळीसाठी उचललेले मामांचे हात खाली आले.

"कितवा?" निरीक्षकांनी खुर्चीतूनच मान वर केली.

"एकेचाळिसावा. दोन हजारांवर खेळाडूंच्या यादीत. गेल्या वर्षी त्रेचाळिसावा होतो. नेम बरा आहे, डाव उघडतानाची फोड कच्ची आहे. खूप मेहनत केली तर तिसाव्यापर्यंत जाईन. त्यापुढं नाही जमायचं."

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत? तीन महिने घरात वाद चाललाय!"

"मला कुणी विचारलंच नाही. तुम्ही सगळे एकमेकांनाच विचारत होता."

निरीक्षक उठले. एकतीस वर्षांत स्वतःचे वजन आपण होऊन, बरोबर आणि वर दोन बोटे न ठेवता सांगणारा इसम त्यांना भेटला नव्हता. त्यांनी पाणसळ पिशवीत घातली, विजेत्याचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "माझी संमती आहे."

मुलगी हसली आणि लगेच रडली. व्यवस्थापक पाना शोधू लागले. मामा मात्र जागचे हलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी निरीक्षकांना बाहीला धरून खिडकीपाशी ओढले.

"भाऊजी, घाई करू नका. एकुलती एक पोर आहे."

"अरे, आता काय झालं? राज्यात दोन हजारांवर खेळाडू आहेत. त्यांत एकेचाळिसावा म्हणजे थट्टा नव्हे!"

"ते खरं हो," मामा आवाज आणखी खाली आणून म्हणाले, "पण मग त्याच्यापुढं चाळीस जण आहेत. त्यांतला एकही बिनलग्नाचा नसेल?"