बंडगर सरांचा एकच राम राम

बंडगर सर सकाळी ऑफिसच्या दारात थांबून एकदाच म्हणतात, "राम राम मंडळी!" तो सगळ्यांना मिळून. मागाहून येणाऱ्यानं नमस्कार केला, तर मान वर न करता सांगतात, "मघाच्या रामरामात तुला बी धरलंय."

धाराशिवात बसस्टँडच्या मागं आमचं छोटं ऑफिस आहे. गावोगावच्या शेळ्यांची नोंद आम्ही कॉम्प्युटरवर ठेवतो: शेळी कुणाची, कानातल्या बिल्ल्याचा नंबर काय, लस कधी टोचली. सरांचं घराणं शेळ्या-मेंढ्या राखणारं. सर शिकले, डेटाबेसमध्ये आले, पण हातातली काठी काही सुटली नाही.

एकेक करत बसायचा त्यांना भारी तिटकारा. लग्नात पहिल्याच मंगलाष्टकाला मूठभर अक्षता एकदम उधळून मोकळे होतात आणि पुढं रिकाम्या हातानं उभे राहतात. बाजारात भेंडीचे शेंडे मोडून बघत नाहीत. टोपली उचलून पिशवीत ओततात. घरी काकूंनी त्यांना भाजी आणायला पाठवणं कधीच बंद केलंय.

मी नवी असताना लस राहिलेल्या शेळ्यांची यादी काढायचा प्रोग्राम लिहिला होता. एक शेळी घ्यायची, लसीच्या सगळ्या नोंदी चाळायच्या, तिची सापडली नाही तर यादीत नाव घालायचं, मग दुसरी शेळी. चहा झाला, डबा खाऊन झाला, कॉम्प्युटर आपला घुमतोय. सर मागं येऊन उभे.

"पोरी, शेळ्या पाण्यावर नेताना एक नेऊन, परत आणून, मग दुसरी नेतेस व्हय?"

"मी कशाला नेऊ? आमच्याकडं शेळ्या नाहीत."

"तरीच! अगं, एकेक कशाला? कळप हाक की!"

माझ्या वीस ओळी त्यांनी खोडल्या आणि तीन लिहिल्या. सगळ्या शेळ्या एकीकडं, सगळ्या लसी दुसरीकडं, बिल्ल्याच्या नंबरावरून दोन्ही एकदम ताडून बघायच्या. यादी चुटकीसरशी बाहेर. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर थक्कही झाले.

यंदा बेंबळीच्या शेजारच्या गावात शेळ्यांना रोग लागला. सरांच्या यादीवरून लसीची गाडी बेंबळीभर फिरली. दुसऱ्या दिवशी फोन आला.

"बाई, म्या बेंबळीची शेवंताबाई. समद्यांच्या शेळ्यांना सुई टोचली, माझ्या अकरा तशाच ऱ्हायल्या. गाडीवाला म्हनला, यादीत न्हाईत. मला दुसरं कोन न्हाय ओ, ह्याच हाईत."

मी नोंद उघडली. अकरा शेळ्या होत्या की! पण त्या नोंदवल्या त्या दिवशी बिल्ले संपले होते, म्हणून नंबरचा रकाना रिकामा. आणि रिकाम्या नंबराची गंमत अशी, की तो कशाशी जुळतो असंही कॉम्प्युटर म्हणत नाही आणि जुळत नाही असंही म्हणत नाही. गुपचूप गाळून टाकतो. सरांच्या तीन ओळींनी अकराच्या अकरा गाळल्या होत्या. माझ्या त्या कासवासारख्या प्रोग्रामनं त्या नक्की धरल्या असत्या! जीभ नुसती वळवळत होती, पण सरांचा चेहरा बघितला आणि गप्प बसले.

"चूक माझीच," सर म्हणाले. "लई शहाणा समजत होतो सोताला."

त्यांनी ओळीत दुरुस्ती केली, दुसऱ्या कुणाच्या शेळ्या राहिल्या नाहीत ना ते बघितलं आणि जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांच्याच गाडीतून आम्ही बेंबळीला निघालो. वाटेत सर एकच विचारत होते, "एखादीला लागण झाली असंल का ओ?"

डॉक्टरांनी अकराही तपासल्या. झाली नव्हती. मला हायसं वाटलं. डॉक्टर म्हणाले, "सगळ्या एकदम कोपऱ्यात घ्या, उरकून टाकतो."

"थांबा डॉक्टर," सर म्हणाले. "म्या एकेक आनतो."

मी बघतच राहिले. सर एकेका शेळीला पोटाशी धरून आणत होते, सुई निघेपर्यंत मानेवर हात ठेवत होते. कानात बिल्ला अडकवला की शेवंताबाईंना विचारत, "हिचं नाव?"

"चांदी. लई नखऱ्याची हाय."

आमच्या नोंदीत नावाला रकानाच नाही. सरांनी अकरा नावं कागदाच्या कडेला लिहून घेतली. तासभर गेला.

परतताना मला राहवलं नाही. "सर, आज एवढा वेळ?"

सरांनी नावांचा कागद घडी घालून खिशात ठेवला. मग म्हणाले, "आई गेली तवा घरी चाळीस शेळ्या हुत्या. राखायला कुनी न्हाय, मी हितं नोकरीत. एका सकाळी समद्या मामाच्या रानात सोडून आलो. मागं वळून बघितलं न्हाय. आई प्रत्येकीला नावानं हाक मारायची, पोरी. एकेकीचं दावं सोडत बसलो असतो, तर एक बी सुटली नसती माझ्याच्यानं."

मी विचारलं, "नावं आठवतात, सर?"

ते सांगू लागले. एकेक नाव, एकेकीची खोड. धाराशिव आलं तरी नावं संपली नव्हती. डॉक्टरांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, आणि आम्ही ऐकत बसलो.