वजन पडू द्या

आमच्या छावणी भागातले साहेबरावकाका घरी आलेल्याला आधी पाणी विचारत नाहीत. म्हणतात, "बसा, वजन पडू द्या." निघताना कुणी झटकन उठलं की ओरडतात, "दमानं उठा! जमीन वर येती!"

काका एसटीचे ड्रायव्हर. उभी हयात कन्नडच्या घाटात गेली. आता टीव्ही बघतात. त्यात कुणीतरी सांगितलं, बर्फाचे डोंगर वितळले की खालच्या जमिनीवरचा भार जातो, ती वर उचलली जाते आणि कुठं कुठं भूकंप होतात. झालं! काकांनी तेवढंच धरलं.

"अहो काका, तो बर्फ तिकडं ध्रुवाजवळ. आपल्याकडं मेला फ्रिजातसुद्धा धड जमत नाही."

"तुला नाय कळायचं ताई. रिकामी गाडी खड्ड्यात लई उडती. भरली असली की गप चालती. जमिनीचं बी तेच."

मी डोकं धरलं. गाडीचं खरं, बर्फाचंही खरं असेल. पण म्हणून घरातला पाटा-वरवंटासुद्धा हलवायचा नाही, हे कुठलं शास्त्र?

परवा त्यांची लेक सुनंदा वैजापूरहून आली आणि आईचा लोखंडी पलंग भंगारात द्यायला निघाली. काकू कित्येक वर्षं त्यावरच पडून होत्या. काकांनीच त्यांचं सगळं केलं. दिवाळीनंतर त्या गेल्या. आता भंगारवाला दारात, आणि काका पलंगावर मांडी घालून.

"नाय म्हंजे नाय. घर हलंल."

"ताई, तुम्हीच सांगा हो यांना," सुनंदा रडकुंडीला आली.

मी बोलून गेले, "काका, काकू सुटल्या. तुमचंही ओझं उतरलं. आता मोकळं व्हा की."

काका माझ्याकडं बघतच राहिले. "सगळे हेच म्हणतेत, ओझं उतरलं. अन् तवापासून मला हादरे बसायलेत, ते कुणी इचारलं का?"

सुनंदानं भंगारवाल्याला हातानंच जायला सांगितलं.

"मग जमीन थांबते कधी, ते नाही का सांगितलं टीव्हीवर?" मी विचारलं.

"सांगितलं की. काही ठिकाणचा बर्फ जाऊन हजारो वर्षं झाली, तरी जमीन अजून वरच येतीय." त्यांनी पलंगाच्या गजावरून हात फिरवला. "माझं तर वरीस बी झालं नाय."

सुनंदा त्यांच्याशेजारी बसली. काका जरा सरकले, माझ्यासाठीही जागा केली.

"बस ताई. वजन पडू दे."